राष्ट्रीय सेवा योजना : पाटीपासून मोबाइलपर्यंतची शिकवणी

कोणत्याही महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) विभागाचे जुने अल्बम उघडून पाहावेत. फावडी आणि टोपल्या घेतलेली मुले त्यात पानोपानी भेटतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा, शोषखड्डे, पोचरस्त्याची भर, नुकत्याच लावलेल्या रोपाभोवती उभा राहिलेला गट. शिकवणीचे फोटो मात्र शोधावे लागतात. एक म्हातारी, एक मुलगी आणि दोघींच्या मध्ये पाटी, अलीकडे पाटीच्या जागी मोबाइल, यात फोटो काढण्यासारखे कुणाला काही वाटत नाही. बंधारा शिबिराच्या समारोपाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवता येतो. एखाद्या काकूंना आपल्या खात्यातली शिल्लक स्वतः पाहता येऊ लागली, हे दाखवायचे कसे? त्यामुळे योजनेच्या इतिहासात ही बाजू दोन ओळींत आटोपते. रिठदसारख्या, रिसोड तालुक्यातल्या सोयाबीन-तुरीच्या गावातल्या वाचकांसाठी तो इतिहास लिहायचा, तर मला ती दोन ओळींत आटोपता येणार नाही. गावाला आज या मुलांकडून सर्वांत जास्त हवे आहे ते हेच.

योजनेचे मूळ एका मराठी माणसापर्यंत जाते. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेचच विद्यार्थ्यांच्या समाजसेवेची कल्पना मांडली होती. १९५९ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी समिती नेमली ती चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. शाळा संपल्यावर आणि महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी, अशी त्यांच्या समितीची शिफारस होती. सक्ती पुढे मागे पडली. के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक सेवेचा मार्ग सुचवला, कोठारी आयोगाने तो विचार पुढे नेला, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. कोणार्कच्या रथाचे चाक हे तिचे बोधचिन्ह आणि ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे ब्रीद.

देशमुखांची सक्ती मान्य झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. सक्तीने फावडे हातात देता येते. दुसऱ्याला शिकवण्यासाठी लागणारा धीर सक्तीने येत नाही, म्हणून झाले ते बरेच झाले असे मी मानतो.

महाराष्ट्राला अशा शिकवणीची सवय योजनेच्या आधीपासून होती. १९५९ मध्येच सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभराची कामे उरकली की रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग भरत, प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली पोरे विनामोबदला शिकवीत, आणि सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ही मोहीम इतर जिल्ह्यांत पसरली. गावानेच गावाला शिकवायचे, हे तिचे सूत्र होते. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने आणि गाडगेबाबांच्या खराट्याने जमीन आधीच भुसभुशीत केलेली होती. त्यामुळे रासेयोचे शिबिर गावात आले तेव्हा ते परके वाटले नाही.

१९६९ मध्ये वाशिम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता आणि इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठात मोडत. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ झाले, पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला. कागदावरचे पत्ते असे बदलले, तरी शिबिराचा साचा फारसा बदलला नाही. दत्तक गाव, सात दिवसांचा मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. शिबिराशिवाय वर्षाला १२० तासांचे नियमित काम, दोन वर्षांत २४०. पुढे योजना अकरावी-बारावीपर्यंत आली आणि सोळा-सतरा वर्षांची मुलेही स्वयंसेवक झाली. ज्यांना घरात अजून कुणी ‘मोठे’ मानत नाही, ती मुले गावात वडीलधाऱ्यांना शिकवायला उभी राहू लागली.

शिकवणीचा पहिला मोठा प्रयत्न १ मे १९८६ रोजी सुरू झालेल्या कार्यात्मक साक्षरतेच्या जनकार्यक्रमाचा. रासेयोच्या स्वयंसेवकांनी सुट्टीत एकेका प्रौढाला शिकवावे, अशी ती योजना होती. दोनच वर्षांनी, ५ मे १९८८ रोजी, राष्ट्रीय साक्षरता अभियान आले आणि नव्वदीच्या सुरुवातीला महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांनी साक्षरतेत नाव मिळवले. त्या काळातली एक चूक आजही शिकण्यासारखी आहे. सही करता आली की माणूस साक्षर झाला, असे अनेक ठिकाणी मानले गेले. माणूस सही करायला शिकला, पण ज्या कागदावर सही करतो त्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येईना. अंगठा पुसला गेला एवढेच समाधान.

तो अंगठा तीस वर्षांनी परत आला. आधारला जोडलेल्या खात्यातून पैसे काढायचे तर यंत्रावर बोट टेकवावे लागते. गावातल्या केंद्रावर हे सोयीचे आहे, जिल्हा बँकेच्या शाखेपर्यंत जाण्याचा खर्च वाचतो. पण यंत्रात किती आकडा टाकला, पावतीवर किती आला, पहिल्यांदा बोट उमटले नाही म्हणून दुसऱ्यांदा टेकवले तेव्हा दोनदा रक्कम तर गेली नाही ना, हे वाचता आले नाही तर माणूस पुन्हा त्या जुन्या अंगठेबहाद्दराच्या जागी येऊन उभा राहतो. म्हणून मोबाइलची शिकवणी ही साक्षरतेच्या कामाचाच पुढचा धडा आहे, असे मी म्हणतो. तिला वेगळे खाते नको.

गावात संगणक आला तो २०११ च्या सुमारास, ग्रामपंचायतीतल्या संग्राम केंद्राच्या रूपाने. तालुक्याच्या ठिकाणी त्याआधीच एमएस-सीआयटीचे वर्ग भरत होते आणि नोकरीसाठी धडपडणारी पोरे तिथे जात होती. पण सामान्य शेतकऱ्याचा संबंध आला तो एकदम आणि जबरदस्तीने. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेच्या ८६ टक्के नोटा त्या दोनच होत्या. सोयाबीन नुकतेच घरात आले होते, तूर शेतात उभी होती, मजुरी चुकवायची होती.

१ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी वित्तीय साक्षरता अभियान जाहीर केले. १२ डिसेंबर ते १२ जानेवारी या महिनाभरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी कुटुंबांना आणि दुकानदारांना रोकडविरहित व्यवहार शिकवावेत, अशी हाक होती. रासेयो आणि एनसीसीच्या मुलांवर त्याची मोठी भिस्त होती. कार्ड, यूपीआय, वॉलेट, साध्या फोनवरून *९९# आणि आधारवरून व्यवहार, असे पाच मार्ग मुलांनी समजावून सांगायचे. मोठ्या प्रमाणावर किशोरवयीन आणि तरुण मुलांना डिजिटल शिक्षक म्हणून गावात पाठवण्याचा देशातला हा पहिलाच प्रसंग असावा. त्याच महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले.

मोहिमेचा उत्साह खरा होता. पण एक महिना ही मुदत शिकवणीची नव्हे, जाहिरातीची असते. यूपीआय सुरू होऊन तेव्हा आठ महिनेच झाले होते आणि भीम ॲप मोहीम निम्मी झाल्यावर, ३० डिसेंबरला आले. जे मुलांनाच नीट वापरून माहीत नव्हते, ते त्यांनी आजोबांना शिकवायचे होते. नोटा परत आल्यावर बहुतेक गावे पुन्हा रोखीकडे वळली. तरी त्या महिन्याने एक गोष्ट केली: घरातल्या पोराला विचारण्यात कमीपणा नाही, हे मोठ्यांच्या गळी उतरवले.

पुढे २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आले. एका घरातल्या १४ ते ६० वयाच्या एका माणसाला वीस तासांचे शिक्षण, सहा कोटींचे उद्दिष्ट. मार्च २०२४ मध्ये ते संपले तेव्हा उद्दिष्टाहून अधिक, म्हणजे ६.३९ कोटी लोक शिकल्याची सरकारी नोंद झाली. पण घरातला एकच माणूस शिकायचा, आणि तो बहुधा घरातला सर्वांत चुणचुणीत मुलगा असायचा. शिक्षणाची ज्याला गरज सर्वांत कमी, प्रमाणपत्र त्याच्याच नावावर.

करोनाने उरलेला आडपडदा दूर केला. लस घ्यायला आधी कोविन पोर्टलवर नोंदणी, ओटीपी, मग केंद्र आणि वेळ निवडणे. १८ ते ४४ वयोगटासाठी सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीचीच होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर नेमके बोट ठेवले. गावोगाव विद्यार्थ्यांनीच शेजारपाजारच्यांच्या नोंदण्या केल्या. हे काम मोलाचे होते, पण ते करून देणे होते. शिकवणे नव्हते.

हा फरक मला रासेयोच्या आजच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

रिठदमधल्या एखाद्या शेतकऱ्याला वर्षभरात मोबाइलवर काय काय करावे लागते? पीएम-किसानच्या सहा हजारांसाठी ई-केवायसी. पीक विम्याचा अर्ज. घरातल्या बाईला लाडकी बहीण योजनेचे पंधराशे मिळतात, त्याची केवायसी. सातबारा पाहणे. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेली ई-पीक पाहणी. पूर्वी तलाठी पीकपेरा लावत असे. आता शेतकऱ्याने स्वतः ॲपमध्ये खाते आणि गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे आणि शेतात उभे राहून फोटो काढायचा. ही नोंद गाव नमुना १२ वर चढते. हमीभावाने सोयाबीन विकायचे तर ती लागते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांसाठी दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी पाच हजारांचे साहाय्य २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा सुरुवातीची अट हीच नोंद होती. नोंद करायची राहिली त्यांचा जीव टांगणीला लागला.

आता होते असे की एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणजे वस्तीतला एक हुशार पोरगा सगळ्यांची पाहणी करून टाकतो. काका म्हणतात, “तूच दाबून दे ना बापू, मले नाही समजत.” पोरालाही तेच सोपे, दोन मिनिटांत काम होते, काकांना शिकवायचे तर अर्धा तास जातो. तो पोरगा पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला किंवा कामाला गेला, की काका होते तिथेच. गावातली शिकलेली पोरे बाहेर जाणार, हे वाशिम जिल्ह्यात गृहीत धरावे लागते. मागे राहणाऱ्यांच्या बोटात कला उतरली पाहिजे.

त्यासाठी रासेयोच्या मुलाने पाळायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. समोरच्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. फोन त्यांच्याच हातात राहील, बोट त्यांचेच फिरेल, आपण शेजारी बसून फक्त सांगायचे. बोट जोराने दाबले जाते आणि चिन्ह हलून दुसरीकडे जाते. कामाने कडक झालेल्या बोटांना पडदा ओळखत नाही, तेव्हा बोट ओलसर फडक्याने पुसून पुन्हा करायला सांगायचे. टाइप करता येत नसेल तर माइकच्या चिन्हावर दाबून मराठीत बोलायला शिकवायचे. वऱ्हाडी बोलीतला शब्द यंत्राने चुकीचा लिहिला तर हसायचे नाही. पहिल्या दिवशी पैशांचा विषय काढायचाच नाही. नातवाचा फोटो पाहणे, मुलीला व्हिडिओ कॉल लावणे, हवामानाचा अंदाज ऐकणे, इथून सुरुवात केली की भीती जाते. ‘मोडेल का रे हे?’ हा प्रश्न बाजूला पडला की निम्मे काम झाले.

पैशांचा धडा आला की मुलाची खरी परीक्षा. पिन टाकायची वेळ आली की शिकवणाऱ्याने मान वळवायची. हे आजींना कळले पाहिजे की हा आपला माणूस असूनही आपला पिन पाहत नाही. मग बाहेरच्या कुणालाही तो सांगायचा नाही, हे वेगळे समजवावे लागत नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायला किंवा शिल्लक पाहायला लागतो, हे एक वाक्य पक्के झाले तरी फसवणुकीचे कितीतरी फोन निष्फळ ठरतील. बँकेतून बोलतो, केवायसी बंद होईल, ओटीपी सांगा, असे कुणी म्हणाले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवायचे. हा क्रमांक घराच्या भिंतीवर, पंचांगाशेजारी, मोठ्या अक्षरात लिहून द्यावा.

बायकांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ६१.५ टक्के होते. नव्या पिढीत दरी भरली असेल असे वाटते, पण ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलामुलींपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे आणि केवळ १९.८ टक्के मुलींकडे होता. म्हणजे शिकवायला जाणारी मुलगीसुद्धा बहुधा भावाच्या फोनवर शिकलेली. तरी हे काम मुलींकडूनच जास्त चांगले होते, यात मला शंका नाही. ती स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकते, दुपारी बचतगटाच्या बैठकीत काकूंच्या घोळक्यात बसू शकते, आणि सासूसमोर सुनेला शिकवताना कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. शिबिराच्या गटवाटपात मुलींना रांगोळी आणि स्वागत, मुलांना सर्वेक्षण आणि तंत्रज्ञान, ही विभागणी अजून कुठे असेल तर ती आता मोडायला हवी.

हे सगळे होऊ शकते, याचा दाखला केरळने दिला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा ग्रामपंचायतीने २०२१ मध्ये ठरवले की गावातल्या प्रत्येकाला मोबाइल वापरता यावा. घरोघर पाहणी झाली, रासेयोचे विद्यार्थी आणि कुटुंबश्री या तिथल्या महिला बचतगटांच्या बाया शिकवायला लागल्या. वर्ग कुठे? रोजगार हमीच्या कामावर, जेवणाच्या सुट्टीत, बचतगटाच्या बैठकीत, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या अंगणात. २१ सप्टेंबर २०२२ रोजी पुल्लमपारा देशातली पहिली पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. तोच नमुना साऱ्या राज्याने उचलला. सुमारे २१.८८ लाख डिजिटल निरक्षर शोधले गेले, अडीच लाखांहून अधिक स्वयंसेवक कामाला लागले आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळने स्वतःला पूर्ण डिजिटल साक्षर राज्य घोषित केले. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले गृहस्थही होते. तिथे वयाची वरची मर्यादा कुणाला आड आली नाही. केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने ती साठावर ठेवली होती.

रोजगार हमीची जन्मभूमी महाराष्ट्र. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडत होते तेव्हा रासेयोची मुलेही ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ म्हणून कामाला उतरली होती. त्याच कामांच्या सुट्टीत मोबाइलचा वर्ग भरवण्याची कल्पना आपल्याला आधी सुचायला हवी होती.

आपल्या हाताशी आता उल्लास आहे, म्हणजे २०२२ ते २०२७ चा नवभारत साक्षरता कार्यक्रम. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी अक्षरओळख आणि अंकज्ञानाबरोबर डिजिटल आणि आर्थिक साक्षरताही त्यात धरली आहे. शाळा हे त्याचे एकक, शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित ठरवलेल्या राज्यातल्या चार जिल्ह्यांत वाशिम आहे. त्यामुळे सरकारी लक्ष आहे, यंत्रणा आहे, रासेयोची मुलेही आहेत. मेळ बसायचा आहे तो वेळेचा.

विशेष शिबिर बहुधा हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत होते. मुलांच्या परीक्षांच्या दृष्टीने ते ठीक. पण खरिपाची पीक पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते, तेव्हा मुलांची नुकतीच नोंदणी झालेली असते आणि १२० तासांच्या कामाचा आराखडा अजून कागदावर असतो. शिबिर आले की सोयाबीन विकलेले असते, नोंद राहून गेलेली असते, आणि मुले उत्साहाने ज्या ॲपची माहिती सांगतात ते वापरायला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते. शिकलेले तोवर विसरते. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी नियमित कामाचे पहिले चाळीस तास ऑगस्टमध्येच गावाच्या शिवारात ठेवावेत. दोन-दोन मुलांचा गट, एकेका गटाकडे दहा शेतकरी, आणि नियम एकच: पीक पाहणीचा फोटो शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटाने काढायचा. हिवाळ्यातल्या शिबिरात मग त्याच दहा घरी परत जायचे, रब्बीच्या हरभऱ्याची नोंद त्यांनी आपली आपण केली का ते पाहायचे, आणि जिथे अडले असेल तिथून पुढे शिकवायचे.